पप्पांचा झेनिट सापडला, ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुवायचाय, कुठून सुरू करू?

सातपुडा_वारा (शहादा):
नमस्कार. माळा साफ करताना पप्पांचा जुना झेनिट सापडला, लेदरच्या कव्हरसकट. शटर वाजतंय, लेन्सच्या कडेला थोडी बुरशी आहे पण पप्पा म्हणतात चालेल. मीटरची सुई मात्र हलत नाही. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे फोटो काढायचेत आणि ते ब्लॅक अँड व्हाइटच हवेत, मोबाईलमधला फिल्टर नको, खरा रोल. आत्ता मे चालूये म्हणजे शिकायला सहा-सात महिने आहेत.
रोल कोणता घेऊ, १०० चा का ४०० चा? आणि घरी धुता येतो का? इथल्या दोन स्टुडिओत विचारलं तर हसले. नेटवर जो तो सांगतो पाणी २० डिग्री पाहिजे. आमच्या टाकीतल्या पाण्यात दुपारी नुसती चहापत्ती टाकायची बाकी असते. थट्टा नका करू प्लीज, खरंच काही माहीत नाहीये.

केळीबाग (रावेर):
हसणाऱ्यांना हसू दे. झेनिट असेल तर आधी हे बघ, शटर १/५०० सेकंदाच्या वर जात नाही आणि १/३० च्या खाली डायरेक्ट बी (बटण दाबलं तोवर उघडं). आता आपल्याकडचं ऊन. भर उन्हात एफ १६ (लेन्सचं भोक अगदी बारीक) लावलं की शटर फिल्मच्या आयएसओइतकं (तो १००-४०० चा आकडा, जितका मोठा तितका कमी उजेड पुरतो) ठेवायचं हा जुना हिशोब आहे, मीटर मेलेला असला तरी चालतं. म्हणजे ४०० चा रोल टाकला तर एफ १६ ला १/५००, संपलं, पुढे जागाच नाही. उन्हात पांढरी रेती, पांढरा घोडा आला की कुठे जाणार? १०० च्या रोलवर एफ १६ ला १/१२५, किंवा तोच उजेड एफ ८ ला १/५००, म्हणजे पळता घोडा बऱ्यापैकी थांबतो आणि बॅकग्राऊंडची गर्दी थोडी मऊ होते.
पण संध्याकाळी बाजारात, तंबूत, चहाच्या टपरीवर १०० काही कामाचा नाही, तिथे ४०० च लागतो. म्हणून माझं मत विचारशील तर शिकायला इलफर्डचा एचपी५ प्लस घे, ४०० चा आहे, चूक पोटात घेतो, एक स्टॉप जास्त (म्हणजे दुप्पट) उजेड पडला तरी फोटो निघतो. उन्हात पिवळा फिल्टर लाव, साधारण एक स्टॉप खातो आणि आकाश जरा गडद होतं, नाहीतर आपलं मेचं आकाश नुसता पांढरा कागद येतं. डिसेंबरात दिवसासाठी एफपी४ (१२५) घेशील. स्वस्तात केंटमिअर नाहीतर फोमापॅन आहेत, वाईट नाहीत, पण पहिले चार-पाच रोल एकच ब्रँड धर, दर वेळी बदललंस तर चूक तुझी का रोलची ते कळणारच नाही.
आणि एक्सपी२ चुकून घेऊ नकोस, तो दिसतो ब्लॅक अँड व्हाइट पण धुवावा लागतो कलरच्या सी-४१ केमिकलमध्ये.

जुना_डार्करूम (अमळनेर):
बेटा, घाबरू नको, हाई काई मोठं काम नई शे. मी आयुष्यभर हेच केलं. आमच्या वेळी ऊटीचा इंदू रोल यायचा आणि डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर फोटो उमटवणारं केमिकल, आम्ही घरीच तोलायचो, मेटॉल २ ग्रॅम, सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २, एक लिटर पाणी. हाच डी-७६. तू तोलत बसू नको, तयार पावडर मिळते, इलफर्डचा आयडी-११ घे, तो त्याचाच भाऊ. पुडा एकदम पूर्ण कालवायचा, अर्धा आज अर्धा उद्या असं करायचं नाही, आतली पावडर सारखी मिसळलेली नसते.
आता पाण्याचं. २० डिग्री हा काही देवाचा नियम नाही. पाणी गरम तर वेळ कमी, एवढाच हिशोब. एचपी५ ला आयडी-११ सरळ वापरला तर २० वर साडेसात मिनिटं, २४ वर सव्वापाचच्या आसपास. आणि वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली की डेव्हलपिंग डागाडागाचं होतं, आकाशात पट्टे दिसतात. म्हणून खान्देशात उन्हाळ्यात डेव्हलपर पातळ कर, एक भाग डेव्हलपर एक भाग पाणी. मग २० वर १३ मिनिटं लागतात आणि २४ वर साधारण ९, हाताला वेळ मिळतो. वापरलं की फेकून द्यायचं.
२४ कसं आणायचं? आदल्या रात्री माठात पाणी भर. सकाळी सहाला माठाचं पाणी आणि टाकीचं पाणी मिसळून २४ वर आण, एका घमेल्यात सगळ्या बाटल्या उभ्या कर, डेव्हलपर, हायपो (फिक्सर, फोटो पक्का करणारं केमिकल), धुवायचं पाणी, सगळं एकाच तापमानावर. एकदम थंडातून गरम पाण्यात फिल्म गेली की इमल्शनला (फिल्मवरच्या थराला) सुरकुत्या पडतात. थर्मामीटर तेवढा चांगला घे, बाकी सगळं जुगाडानं चालतं. डिसेंबरात उलटं होईल, पाणी कोमट करावं लागेल.
हलवणं: पहिली दहा सेकंद चार वेळा डेव्हलपिंगची टाकी (रोल भरायचा झाकणाचा डबा) उलटी-सुलटी, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तसंच. जोरजोरात ताक घुसळायचं नाही.

लोको_शेड (भुसावळ):
काकांनी सगळं सांगितलं पण एक राहिलं. लाल बल्ब लावू नको!! सिनेमात दाखवतात ना लाल उजेड, तो कागदावर प्रिंट काढताना. हल्लीच्या फिल्मला लाल पण दिसतं. मी भो पहिला रोल मोठ्या रुबाबात लाल बल्ब लावून टाकीत भरला, मावसभावाचं लग्न होतं त्यात, अख्खा रोल काळा ठिक्कर. मावशी अजून विचारते फोटो कुठेत.
भरायचा पूर्ण अंधारात. चेंजिंग बॅग (हात घालून आत रोल भरायची काळी पिशवी) मिळते पण मेमध्ये त्यात हात घातला की पाच मिनिटात घाम, आणि ओलसर झालं की फिल्म प्लॅस्टिकच्या रीलवर अडकते, पुढेही जाईना मागेही येईना. मी आता रात्री अकरानंतर संडासात बसून भरतो, दाराच्या फटीला गोधडी. आधी एक वाया गेलेला रोल घेऊन उजेडात, मग डोळे मिटून, असा दहा वेळा तरी भरून बघ. झाकण लागलं की मग लाईट लाव, पुढचं सगळं उजेडातच होतं.

सातपुडा_वारा:
बापरे, लाल बल्ब मी ऑलरेडी आणून ठेवला होता 😅 काका, शेवटी अर्धा तास नळाखाली धुवा असं वाचलं, आमच्याकडे नळ चार दिवसाआड येतो, तेवढं पाणी घालवलं तर आई मलाच धुईल.

जुना_डार्करूम (अमळनेर):
नळ लागतच नाही. हायपो ओतून घेतला की टाकीत पाणी भर, पाच वेळा उलटी कर, ओतून दे. परत भर, दहा वेळा. परत भर, वीस वेळा. झालं. ३५ एमएमच्या एका रोलला टाकीत ३०० मिली पुरतं, म्हणजे लिटरभरात काम. हे इलफर्डनंच सांगितलेलं आहे, माझं डोकं नाही. फक्त हायपो फिल्म कडक करणारा (हार्डनरवाला) नको, साधा रॅपिड फिक्सर घे, १+४, म्हणजे एक भाग फिक्सर चार भाग पाणी.
हायपो किती वेळ ते असं ठरव. रोलच्या सुरुवातीचा तुकडा कापून हायपोत टाक, दुधाळ रंग जाऊन काचेसारखा झाला की तेवढ्याची दुप्पट वेळ. वापरलेला हायपो बागेत ओतू नको, त्यात चांदी उतरलेली असते. पूर्वी तो विकत न्यायला माणूस यायचा, एक्सरेवाल्यांकडे पण जायचा. तू कॅनमध्ये साठव.

सातपुडा_वारा (तीन आठवड्यांनी):
धुतला!! ३६ पैकी शून्य. पूर्ण रोल काचेसारखा पांढरा. पण कडेला कंपनीचं नाव आणि नंबर छान काळे आलेत. डेव्हलपर खराब का?

केळीबाग (रावेर):
अगं नाही, अभिनंदन! कडेचे नंबर कंपनीतच उजेड देऊन छापलेले असतात, ते नीट काळे आले म्हणजे डेव्हलपिंग पास. तेही नसते तर समजायचं हायपो आधी ओतला किंवा डेव्हलपर मेलेला. तुझ्या केसमध्ये उजेड फिल्मपर्यंत गेलाच नाही. रोल भरला तेव्हा पुढच्या फ्रेमला लिव्हर ओढताना डाव्या बाजूचं रिवाइंडचं बटण फिरत होतं का?

सातपुडा_वारा:
नाही फिरत. मला वाटलं ते फिरायचं नसतं.

केळीबाग (रावेर):
मग रोल दातांवर बसलाच नव्हता, ३६ फोटो हवेत काढलेस. पट्टी स्पूलच्या खाचेत घालून मागचं झाकण उघडं असतानाच एकदा लिव्हर ओढ, दोन्हीकडची भोकं दातांवर आली की बंद कर, मग रिवाइंड हलकं उलटं फिरवून ढील काढ. लिव्हर ओढल्यावर ते फिरलंच पाहिजे.

सातपुडा_वारा:
दुसरा रोल काल धुतला. फोटो आलेत!! आजी ओट्यावर भाकरी थापतेय तो तर एकदम भारी. फक्त सुकल्यावर पांढरे ठिपके पडलेत सगळीकडे, पुसले तर जात नाहीत.

लोको_शेड (भुसावळ):
बोअरचं पाणी ना? क्षाराचे ठिपके ते. फिल्म परत पाण्यात भिजव, आणि शेवटचं बुडवणं बॅटरीच्या पाण्यात कर, इन्व्हर्टरवाल्याकडे पाच लिटरचा कॅन मिळतो, क्षार काढलेलं असतं. बोटानं पुसू नको, अंघोळ झालेल्या बाथरूममध्ये टांग, तिथे हवेतली धूळ वाफेनं खाली बसलेली असते. आणि आजीचा फोटो टाक की इथे.