नोंदी काढल्या, तरी एमडीएफ फाइल तेवढीच

लातूरचा_अडत्या:
मोंढ्यात आमची अडत आहे. हिशोबाचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस 2019 (मायक्रोसॉफ्टचा मोफत डेटाबेस) वर चालतं. सोयाबीनची आवक सुरू झाली की दिवसभर काटापट्ट्या अन् हिशोबपट्ट्या, आणि नेमका तेव्हाच सी ड्राइव्ह लाल झाला. जुन्या वर्षांच्या नोंदी बॅकअप घेऊन काढल्या, तरी एमडीएफ (डेटाची मुख्य फाइल) जशीच्या तशी. एलडीएफ (बदलांच्या लॉगची फाइल) तर तिच्याहून मोठी! पट्टीसाठी शेतकरी काउंटरवर उभा असतो, त्याला थांबवणं जिवावर येतं. काय करू?

जालनेकर:
दादा, काढलेल्या नोंदींची जागा फाइलीच्या आतच मोकळी राहते, विंडोजला परत मिळत नाही. आधी एलडीएफ बघा. रिकव्हरी मॉडेल (लॉग किती जपायचा याची सेटिंग) 'फुल' असेल अन् लॉग बॅकअप होत नसेल, तर ती फुगतच राहणार. लॉग बॅकअप घ्या, मग डीबीसीसी श्रिंकफाइल ही फाइल लहान करायची कमांड चालवा.

नांदेड_सिस्टिम्स:
एमडीएफ श्रिंक करायचीच तर एकदाच, बाजार बंद असताना. श्रिंक डेटाची शेवटची पानं उचलून पुढच्या रिकाम्या जागेत कोंबतं, त्यात इंडेक्स (नोंदी पटकन शोधायच्या सूच्या) पार विस्कटतात. नंतर इंडेक्स रीऑर्गनाइज करा (आहे तिथेच नीट लावा), रीबिल्डनं (नव्यानं बांधल्यानं) फाइल परत वाढते. ऑटो श्रिंक बंदच ठेवा. अन् एक्सप्रेस 2019 ची 10 जीबीची मर्यादा डेटा फाइलला आहे, लॉग त्यात धरत नाहीत.

लातूरचा_अडत्या:
मॉडेल 'फुल'च निघालं. लॉग बॅकअप अन् श्रिंकफाइलनंतर एलडीएफ लहान झाली, ड्राइव्ह मोकळा झाला. एक्सप्रेसला एजंट (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सेवा) नाही, म्हणून टास्क शेड्युलरमधून रोजचा लॉग बॅकअप बाहेरच्या डिस्कवर लावला. एमडीएफला हात लावला नाही, तुरीच्या हंगामातल्या नोंदी त्याच जागेत बसतील. दोघांचे मनापासून आभार.