मदत हवी आहे: बीएस-६ ट्रकचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) सारखा चोक होतोय

मंडळी, माझा २०२१ चा ट्रक आहे, वडाळा, न्हावा शेवा, भिवंडी एवढ्याच फेऱ्या, त्यातही निम्मा वेळ ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. महिन्याभरात तिसऱ्यांदा डीपीएफची लाईट लागली. काल मुंब्रा बायपासच्या चढाला पिकअपच गेला, गाडी फुल लोड, मागून सगळे हॉर्न मारतायत, ड्रायव्हर पोरगा पार घाबरला.

काजळी जळायला फिल्टर साधारण ५५०-६०० डिग्री तापावा लागतो आणि इथे तेवढी गाडी पळतच नाही, म्हणून उभ्या गाडीवर रीजनरेशन (काजळी जाळून फिल्टर मोकळा करणं) करतो, अर्धा-पाऊण तास डिझेल जाळायचं आणि चार दिवसांनी परत तेच. गॅरेजवाला म्हणतो फिल्टरच्या आतली जाळी काढून टाक आणि गाडीला ते कळू नये म्हणून सॉफ्टवेअर मारून घे. ते मी करणार नाही, बेकायदेशीर तर आहेच, शिवाय तो धूर आपल्याच पोराबाळांच्या छातीत जाणार.

राख साठली असेल तर ती जळत नाही, फिल्टर उतरवून मशीनवरच साफ करावा लागतो ना? कळंबोली-तळोजा साईडला खात्रीचा कोणी आहे का? की आधी प्रेशर सेन्सर, इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बघू? ऑइल सीके-४ च (डीपीएफला चालणारा ग्रेड) टाकतो. पुढच्या आठवड्यात पीयूसी संपतेय, प्लीज लवकर सांगा.