गच्चीवरच्या पत्र्याबद्दल, रविवारच्या सभेआधी

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. गच्चीवर पत्र्याची शेड घालायची की पुन्हा वॉटरप्रूफिंग करायचं, यावर रविवारी विशेष सर्वसाधारण सभा आहे. तिन्ही कोटेशनं सोसायटीच्या या ग्रुपवर वर टाकली आहेत. कृपया वाचून या.

ए-४०३: आमच्या बेडरूमच्या छताचे पोपडे पडतायत. पंख्याच्या हुकाजवळ ओल दिसते. काहीही ठरवा, पण पावसाआधी होऊ द्या.

बी-२०१: मग सगळ्यात कमी दराचं घेऊन टाका. पत्रा तो पत्रा. उगाच महिनाभर चर्चा नको.

ए-४०१: दादा, घाई मलाही आहे, माझंही घर वरच्याच मजल्यावर आहे. पण कोटेशनं नीट वाचा. कमी दरवाल्याने ‘कलर कोटेड शीट ०.५० एमएम’ एवढंच लिहिलंय. ही जाडी आतल्या पोलादाची की लेप आणि रंग धरून? रंगासकट असेल तर पोलाद ०.४५ च्या आसपासच उरतं. लेप कुठला तेही नाही. साधं जीआय, म्हणजे नुसता जस्ताचा लेप, की गॅल्व्हल्यूम? गॅल्व्हल्यूममध्ये ५५ टक्के ॲल्युमिनियम असतं, बाकी बहुतेक जस्त आणि थोडं सिलिकॉन, म्हणून तो साध्या जीआयपेक्षा जास्त टिकतो. त्यातही ‘एझेड १५०’ मागायचं, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम लेप. चांगल्या पत्र्याच्या मागच्या बाजूला हे छापलेलं असतं. माल उतरवताना कुणीतरी खाली उभं राहून वाचायचं.

बी-२०१: बरं, हे लिहून घेऊ त्याच्याकडून.

ए-४०१: घेऊच. पण मला त्याहून मोठी काळजी शेडच्या लोखंडी सांगाड्याच्या पायांची आहे. तिघांपैकी दोघांनी पायाखालची बेस प्लेट थेट गच्चीच्या मध्यावर ठोकायची दाखवलीय. तिथे ड्रिल केलं की ब्रिकबॅट कोबा आणि त्याखालचं वॉटरप्रूफिंग दोन्ही भोसकलं जाणार. कडेने वाऱ्याबरोबर आत आलेलं पाणी त्याच भोकांतून ४०३ च्या काकूंच्या बेडरूममध्ये उतरेल. पाय बिल्डिंगच्या कॉलमच्या डोक्यावरच यायला हवेत. पॅरापेटच्या, म्हणजे कठड्याच्या, विटांवर तर मुळीच नकोत.

ए-४०२: एवढ्या हलक्या पत्र्याला एवढा विचार कशाला? वजन तरी किती असणार?

ए-४०१: हलका आहे हीच भीती. आयएस ८७५ या भारतीय मानकात आपल्या पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला नव्वद किलोच्या वर जातो आणि पत्र्याचं वजन चौरस मीटरला जेमतेम पाच किलो. आपली शेड चारही बाजूंनी उघडी. वारा खालून शिरला की पत्रा वरच ओढला जाणार. मे महिन्यात वळीव येतो तेव्हा कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवरचे पत्रे उडाल्याच्या बातम्या येतातच. खाली आपली मुलं खेळतात. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचं ड्रॉइंग आल्याशिवाय मी तरी हात वर करणार नाही.

सी-१०२: ताईंचं बरोबर आहे. भोसरीत फॅब्रिकेशनच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून दोन गोष्टी सांगतो. पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्या, एकमेकींपासून चार फुटांपेक्षा लांब लावू देऊ नका, पत्रा झोल खातो. आणि स्क्रू. गळती बहुतेक वेळा स्क्रूपाशी सुरू होते. ईपीडीएम रबराचा वॉशर असलेला सेल्फ ड्रिलिंग स्क्रू हवा, तो पत्र्याच्या खोलगट भागात न मारता उंचवट्यावर मारायचा आणि सरळ मारायचा. वॉशर जरासा फुगलेला दिसला की थांबायचं. पोरं मशीन लावून दाबत सुटतात, वॉशर चिरडून बाहेर येतो आणि दोन उन्हाळ्यांत फाटतो. सैल राहिला तरी पाणी शिरतं.

सी-१०२: अजून एक. पत्रा गच्चीवर ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्या रंगावर चिकटतात आणि पहिल्याच पावसात तांबूस ठिपके उमटतात. कात्रीने किंवा निबलरने, म्हणजे पत्रा कुरतडत कापणाऱ्या मशीनने, कापा. ड्रिलचा चुरा रोज संध्याकाळी झाडून काढायचा.

ए-४०१: काका, पत्रे कुठल्या बाजूने लावत जायचे?

सी-१०२: पूर्वेकडून सुरुवात. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. जोडाची उघडी कड वाऱ्याच्या पाठीला राहिली पाहिजे.

ए-४०३: उन्हाचं काय? पत्रा तापून घरात भट्टी व्हायची नाही ना?

ए-४०१: उलट काकू, स्लॅबवर थेट ऊन पडायचं थांबेल. पत्रा आणि स्लॅबमध्ये मोकळी हवा खेळती राहिली पाहिजे, म्हणून बाजू बंद करायच्या नाहीत. रंग फिकट घेऊ. गडद निळा छान दिसतो, पण तापतो जास्त. पावसाचा आवाज होईल, मध्ये स्लॅब असल्याने घरात कमी येईल.

बी-३०४: बाजू बंद केल्या तर एखादा हॉल मिळाला असता, वाढदिवसाला वगैरे.

सेक्रेटरी: ते नाही जमणार. बंद केलं की ते बांधकाम होतं. उघड्या शेडसाठीसुद्धा महापालिकेकडे आर्किटेक्टमार्फत अर्ज करूनच काम सुरू करायचं, यावर कमिटीचं एकमत आहे.

ए-४०१: पाण्याचंही आताच ठरवा. गच्ची साधारण दोन हजार चौरस फूट धरली, तर शंभर मिलिमीटर पावसाचं अठरा हजार लिटरच्या वर पाणी होतं. जुलै २०२४ मध्ये शिवाजीनगरला एका दिवसात त्याहून जास्त पडला होता. एका कोटेशनमध्ये पन्हाळ आहे, पण खाली उतरणारा पाइप एकच. तो पालापाचोळ्याने तुंबला की सगळं पाणी मागच्या भिंतीवर. दोन पाइप हवेत, तोंडाला जाळी, आणि दोन्ही गाळणीतून बोअरच्या रिचार्ज खड्ड्याकडे, म्हणजे पाणी जमिनीत मुरेल. टँकरचं बिल आपण सगळेच भरतो.

ए-४०२: म्हणजे शेडच करायची ठरली म्हणायचं?

ए-४०१: माझं मत शेडच्या बाजूने आहे, पण आधी स्लॅब तपासायचा. आतल्या सळ्या गंजल्या असतील तर पत्र्याखाली त्या झाकल्या जातील, दुरुस्त होणार नाहीत. तशी आपली बिल्डिंग तीस वर्षांच्या पुढे गेली, सोसायटीच्या उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायलाच हवं. ते आणि शेडचं ड्रॉइंग एकाच इंजिनिअरकडून करून घेऊ.

बी-२०१: हे सगळं धरलं तर खर्च वाढणार. सिंकिंग फंडाला, म्हणजे मोठ्या कामांसाठी साठवलेल्या पैशांना, हात लावायचा का?

सेक्रेटरी: दुरुस्ती निधी आधी वापरू. कमी पडलं तर सभेत ठराव घेऊन पुढचं बघू. ताई, तुमचे आणि काकांचे मुद्दे सुधारित कोटेशनच्या पत्रात घालतो. तिघांकडून त्याच अटींवर दर मागवू, म्हणजे तुलना तरी होईल.

ए-४०१: त्यात एक अट घाला. शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर, काकूंच्या छताला ओल नाही हे बघूनच द्यायचा.

सी-१०२: आणि टाकीवर चढायची शिडी उघडी ठेवा. ड्रॉइंगमध्ये पत्रा नेमका तिच्यावरून गेलाय, टाकी धुवायला माणूस जाणार कसा?

सेक्रेटरी: बघितलं, खरंच की. आत्ताच कळवतो त्याला.