चिंचवडची सदनिका परवडणाऱ्या घरांसाठी काम करणाऱ्या ट्रस्टला द्यायची आहे – आत्ता बक्षीसपत्र करावे की मृत्युपत्रात लिहावे?

कोथरूडकर_निवृत्त

नमस्कार. मी व माझी पत्नी दोघेही सत्तरी ओलांडलेले असून आम्हाला मूलबाळ नाही. राहते घर कोथरूडला आहे. त्याखेरीज १९९४ साली दोघांच्या नावे घेतलेली एक लहान सदनिका चिंचवडला आहे. भाडेकरू गेल्यापासून ती रिकामी आहे. बांधकाम मजूर व घरकाम करणाऱ्या कुटुंबांना पक्की घरे मिळवून देणाऱ्या एका नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्टचे काम आम्ही बरीच वर्षे पाहत आलो आहोत, आणि ही सदनिका त्यांना मिळावी अशी आमची इच्छा आहे. पुढे-मागे राहते घरही त्यांनाच जावे, मात्र आम्हा दोघांपैकी जो मागे राहील त्याच्या डोक्यावरचे छप्पर जाता कामा नये.

गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांचे म्हणणे असे, की ट्रस्टचे नाव नॉमिनी म्हणून लावले की काम झाले. एका परिचितांनी सांगितले, की आत्ताच बक्षीसपत्र केले तर ८०जी खाली सदनिकेच्या किमतीवर आयकरात सूट मिळेल. या दोन्ही गोष्टी बरोबर आहेत का? याशिवाय वाई तालुक्यात वडिलोपार्जित शेतजमिनीत माझा हिस्सा आहे, त्याची वाटणी अद्याप झालेली नाही. तीही देता येईल का?

दस्त_आणि_दाखले

महोदय, आपल्याला मिळालेले दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, म्हणून आधी त्यांचेच उत्तर देतो.

नॉमिनी हा मालक नसतो. सभासदाच्या मृत्यूनंतर संस्थेने व्यवहार कोणाशी करायचा, एवढेच नामनिर्देशनाने ठरते. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने जाते. मृत्युपत्र न करता केवळ नॉमिनेशन ठेवले, तर आपले पुतणे-भाचे उद्या वारस म्हणून हक्क सांगू शकतात आणि ट्रस्टला वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. नॉमिनेशन जरूर करावे, पण मृत्युपत्राच्या जोडीला.

८०जी ची वजावट केवळ पैशाच्या स्वरूपातील देणगीवर मिळते. घर, जमीन, धान्य, कपडे अशा वस्तुरूप दानावर ती मिळत नाही. पैशाची देणगीही दोन हजारांहून अधिक असल्यास रोखीने चालत नाही, आणि नव्या करप्रणालीचा पर्याय घेतला असल्यास ही वजावट मुळातच उपलब्ध नाही. दिलासा एवढाच, की बक्षिसाने किंवा मृत्युपत्राने दिलेल्या मालमत्तेवर आपल्याला भांडवली नफ्याचा कर बसत नाही. आपल्या देशात मृत्यूनंतर मागे राहिलेल्या संपत्तीवरचे शुल्क (इस्टेट ड्युटी) १९८५ सालीच रद्द झाले असल्यामुळे, कर वाचवण्यासाठी हयातीतच दान उरकण्याची परदेशासारखी निकड इथे नसते.

आता बक्षीसपत्राविषयी. स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र दोन साक्षीदारांसमक्ष करून दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे लागते, आणि घेणाऱ्याने दात्याच्या हयातीत ते स्वीकारावे लागते. ट्रस्टच्या बाबतीत याचा अर्थ असा, की विश्वस्त मंडळाचा स्वीकाराचा ठराव आणि सही करणाऱ्या विश्वस्ताला दिलेला अधिकार कागदावर हवा. सदनिका दोघांच्या नावे असल्याने दात्या म्हणून पत्नीचीही सही लागेल. राहते घर मुला-नातवंडांना देताना महाराष्ट्रात जे दोनशे रुपये मुद्रांक शुल्क लागते, ती सवलत ट्रस्टला लागू नाही. साधारणपणे खरेदीखताच्या दराने बाजारमूल्यावर शुल्क बसते, म्हणून सह्या करण्यापूर्वी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय (किती शुल्क लागेल याचा अधिकृत निर्णय) करून घ्यावा आणि तो खर्च कोण करणार हे ट्रस्टशी आधीच बोलून ठेवावे. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही.

राहते घर देण्यासाठी कायद्यात एक मधला मार्ग आहे. हयातीपर्यंत राहण्याचा हक्क स्वतःकडे राखून बक्षीसपत्र करता येते. ताबा लगेच दिला नाही तरी असे बक्षीस वैध ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली रेणिकुंटला राजम्मा प्रकरणात स्पष्ट केले आहे. तरीही आपल्या जागी मी असतो तर राहत्या घरासाठी हा मार्ग घेतला नसता. बक्षीसपत्र एकदा नोंदवले, की मन बदलले म्हणून ते मागे घेता येत नाही. आणि उद्या आजारपणासाठी घर विकून लहान घरात जायची वेळ आली, तर हात बांधलेले राहतात. मृत्युपत्र मात्र शेवटपर्यंत बदलता येते.

शेतजमिनीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन देण्यास कूळकायद्याचे कलम ६३ आडवे येते, आणि ते बक्षिसालाही लागू आहे; त्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ट्रस्टच्या नावे सातबारा होणार नाही. त्यातच, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, पण इतर सहदायादांच्या (त्या मालमत्तेतील सहहिस्सेदारांच्या) संमतीशिवाय हयातीत बक्षीस देता येत नाही. आधी वाटणी, मग पुढचे.

हिशेबनीस_धर्मादाय

मी सार्वजनिक ट्रस्टांचे हिशेब पाहतो, म्हणून दान घेणाऱ्याच्या टेबलावरून दोन गोष्टी लिहितो. वरील उत्तरात कायदा अचूक मांडला आहे; पण सदनिका मिळाल्यावर ट्रस्ट तिचे काय करणार, हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही, आणि माझ्या मते सगळे त्यावरच अवलंबून आहे.

मुंबईत जेरबाई वाडिया यांच्या दानातून लालबागची नवरोज बाग, भायखळ्याची रुस्तम बाग, कुलाब्याची खुसरो बाग अशा पारशी वसाहती उभ्या राहिल्या. त्या पूर्ण वसाहती होत्या. दुसऱ्यांच्या गृहनिर्माण संस्थेतली एकच सदनिका हातात आली, तर ट्रस्टची स्थिती फार वेगळी होते. सार्वजनिक ट्रस्टला संस्थेचे सभासद होता येते, त्याला कायद्याची आडकाठी नाही; पण हस्तांतरणाच्या वेळी संस्था प्रीमियम, म्हणजे हस्तांतरणाची रक्कम, मागू शकते (महापालिका क्षेत्रात कमाल २५,००० रुपये), आणि ट्रस्टने तिथे एखादे गरजू कुटुंब लिव्ह अँड लायसन्सवर ठेवले, तर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क) दरमहा पडतो. देखभाल, मालमत्ता कर, दर काही वर्षांनी येणारा मोठ्या दुरुस्तीचा वर्गणीचा कागद, हे सगळे त्यावर. एका कुटुंबासाठी एवढा खर्च करण्याऐवजी त्याच रकमेत वस्तीतल्या कित्येक घरांचे छप्पर, शौचालय वा पाया पक्का होऊ शकतो, असे बहुतेक गृहनिर्माण-ट्रस्ट म्हणतील, आणि त्यांचे चुकत नाही.

म्हणजे ट्रस्टला बहुधा सदनिका विकावी लागेल. इथे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ३६ येते: ट्रस्टची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. अर्ज, मूल्यांकन, जाहिरात, निविदा या सगळ्यात वेळ जातो आणि तोवर रिकाम्या सदनिकेचा देखभाल खर्च चालूच राहतो.

म्हणून चिंचवडच्या सदनिकेपुरता माझा सल्ला असा, की ती आपणच विकावी आणि रक्कम धनादेशाने द्यावी. भांडवली नफ्यावर कर बसेल हे खरे. परंतु २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीसाठी साडेबारा टक्के किंवा निर्देशांकासह (खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून धरून) वीस टक्के यांपैकी जो कमी पडेल तो कर लागतो, आणि १९९४ च्या किमतीऐवजी १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते. जुनी करप्रणाली निवडल्यास ८०जी ची वजावटही मिळेल. ती साधारणतः देणगीच्या निम्मी, तीही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेतील देणगीपुरतीच असल्याने, देणगी एका वर्षात न देता दोन-तीन वर्षांत विभागून देता येईल का, हे सनदी लेखापालांना विचारावे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेवढे लक्षात ठेवावे. देणगी कायम निधीसाठी (मूळ रक्कम राखून ठेवण्यासाठी) असेल, तर सोबतच्या पत्रात तसे स्पष्ट लिहावे.

मांडवीकाठ

मी पणजीहून लिहितो. हा धागा गोव्याचे वाचकही पाहतील, म्हणून एक सावधगिरीची सूचना. आमच्याकडे वारसांचा अर्धा हिस्सा कायद्यानेच राखीव असतो, त्यामुळे मुले किंवा आईवडील हयात असताना उरलेल्या अर्ध्यापुरतेच दान वा मृत्युपत्र करता येते; शिवाय पती-पत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते. मूळ गोमंतकीयाची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी हाच कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली जोझे पावलो कुतिन्यो खटल्यात म्हटले आहे. मुंबईत फ्लॅट घेतलेल्या गोंयकाराने वरची उत्तरे जशीच्या तशी स्वतःला लावू नयेत.

कोथरूडकर_निवृत्त

सर्वांचे मनापासून आभार. पत्नीला हिशेबनीसांचे उत्तर वाचून दाखवले. चिंचवडची सदनिका विकण्यास ती राजी आहे. रिकाम्या घराची देखभाल भरून आम्हीही कंटाळलो आहोत. आता राहत्या घराच्या मृत्युपत्रात नेमके काय असावे, एवढेच विचारतो.

दस्त_आणि_दाखले

दोघांनी दोन स्वतंत्र मृत्युपत्रे करावीत. प्रत्येकाने आपला हिस्सा आधी हयात जोडीदाराला द्यावा आणि जोडीदार आधी गेलेला असल्यास तो ट्रस्टला जावा, असे लिहावे. मागे राहणाऱ्याला गरज पडल्यास घर विकता यावे असे वाटत असेल, तर त्याला केवळ राहण्याचा हक्क न देता पूर्ण मालकी द्यावी. मग ट्रस्टला शेवटी घर मिळेलच याची हमी उरत नाही, हे मात्र मान्य करावे लागेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत.

ट्रस्टचे नाव नोंदणी दाखल्यावर आहे तसे, क्रमांकासह आणि जिल्ह्यासह लिहावे, कारण एकसारख्या नावांच्या संस्था पुष्कळ असतात. त्या वेळी तो ट्रस्ट अस्तित्वात नसेल किंवा दुसऱ्यात विलीन झाला असेल, तर त्याच उद्दिष्टाच्या कोणत्या संस्थेला घर जावे, हे ठरवण्याचा अधिकार एक्झिक्युटरला (मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला) द्यावा. घर ‘गरिबांच्या निवासासाठी वापरावे किंवा विकून रक्कम त्याच कामी लावावी’ असे शब्द ठेवावेत. ‘कधीही विकू नये’ अशी अट घातली, तर वर सांगितलेला सगळा खर्च ट्रस्टच्या गळ्यात पडेल. एक्झिक्युटर आपल्याहून वयाने बराच लहान असावा आणि त्याला आधी विचारून घ्यावे. साक्षीदार ट्रस्टशी संबंधित नसावेत. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, तरी मूलबाळ नसलेल्यांनी ती करावीच, आणि त्या दिवशीचा डॉक्टरांचा सुदृढ मनःस्थितीचा दाखला सोबत जोडावा.

हिशेबनीस_धर्मादाय

त्यात एवढीच भर घालतो: सही करण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयातून ट्रस्टच्या परिशिष्ट एकचा उतारा काढावा. सध्याचे विश्वस्त कोण आहेत आणि पूर्वी मिळालेल्या स्थावर मालमत्तांची नोंद झाली आहे की नाही, हे त्यावर दिसते. बदल अर्ज (विश्वस्त वा मालमत्तेतील बदल नोंदवण्याचे अर्ज) वर्षानुवर्षे प्रलंबित असतील, तर ते का, हे विश्वस्तांना सरळ विचारावे. चांगल्या ट्रस्टला या विचारण्याचा राग येत नाही.