मुंबई योजना, १९४४: देशाच्या समृद्धीचा हिशेब शेटजींनी मांडावा का?

वहीखाते

गेल्या आठवड्यात उद्योजकांच्या एका मेळाव्याला गेलो होतो. विषय भारदस्त होता, 'राष्ट्राची समृद्धी आणि उद्योगजगत'. अडीच तास भाषणं झाली. कुणी म्हणालं तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, कुणी म्हणालं कामगार कायदे सैल करा, कुणाला जमीन स्वस्त हवी होती. जेवण उत्तम. पण २०४७ साली सामान्य माणसाच्या ताटात काय असेल, याबद्दल एक अक्षर नाही.

घरी आल्यावर मुंबई योजना पुन्हा काढून वाचली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जानेवारी १९४४. महायुद्ध चालू, काँग्रेसचे बडे नेते तुरुंगात, स्वातंत्र्याचा पत्ता नाही. अशा वेळी जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास, लाला श्रीराम, कस्तुरभाई लालभाई आणि टाटांकडचे अर्देशिर दलाल, ए. डी. श्रॉफ, जॉन मथाई या आठ जणांनी देशाच्या विकासाचा आराखडा छापला. पंधरा वर्षांत दरडोई उत्पन्न दुप्पट करायचं, खर्च १०,००० कोटी रुपये.

मला आवडते ती त्याची सुरुवात. कारखाने किती, हे नंतर. आधी माणूस: रोज २,८०० उष्मांकांचं अन्न, वर्षाला ३० वार कापड, राहायला माणशी १०० चौरस फूट. एवढं प्रत्येकाला मिळायचं तर देशाने किती कमवावं लागेल, असा उलटा हिशेब. पुढच्या भागात तर विषमता कमी करायला वारशाच्या संपत्तीवर कर लावा असंही हेच लोक सुचवतात. बिर्ला-टाटांच्या सहीने!

आजच्या एखाद्या उद्योगसमूहाने असा एक कागद करून दाखवावा. सरकारकडे काय मागायचं याची यादी सगळ्यांच्या खिशात असते. आपण काय देणं लागतो, तो आकडा कुणाच्याच खिशात नसतो.

एडिसनकर

लेख छान, निष्कर्ष पूर्ण अमान्य.

अहो, हाच तो कागद ज्याने आपल्याला चाळीस वर्षं मागे ठेवलं. शेठ लोकांनीच सांगितलं की मूलभूत उद्योग सरकारच्या नियंत्रणात असावेत, परदेशी मालापासून संरक्षण असावं. सरकार म्हणालं, बरं. १९५१ ला उद्योग नियमन कायदा आला आणि कारखाना काढायला, वाढवायला, नवीन वस्तू बनवायला परवाना लागायला लागला. माझ्या वडिलांनी स्कूटरसाठी नंबर लावला तेव्हा मी पहिलीत होतो. स्कूटर दारात आली तेव्हा मी मिसरूड फुटलेला घोडा. हे संरक्षण कुणाचं झालं? गिऱ्हाइकाचं नक्कीच नाही.

समृद्धी आराखड्याने येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुठला आराखडा केला होता? लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी हात लावेनात, पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं गेली. माणूस टिकून राहिला. सरकारने बाजूला व्हावं, बस.

वहीखाते

@एडिसनकर, उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून. बेळगावात नगरपालिकेने जागा सोडायला लावल्यावर लक्ष्मणराव गेले कुठे? औंधच्या राजाने कुंडलजवळचा माळ दिला, तिथे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. एक सरकार आडवं आलं, दुसरं मागे उभं राहिलं. दोन्ही सरकारं 'बाजूला' झाली असती तर नांगर बेळगावातच गंजले असते.

टवाळ

आठांत एकही मराठी आडनाव नाही. धागा इथेच संपवावा काय?

निवृत्त मास्तर

श्री. टवाळ, त्या काळी आपल्याकडे सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. गुजराती बोलणारे, पण वाढले इथेच. ते या आठांत नव्हते. योजनेवर सही करण्यापेक्षा विशाखापट्टणमला गोदी बांधणं, बंगळुरूला विमान कारखाना काढणं आणि प्रत्येक टप्प्यावर इंग्रजांशी भांडणं हा त्यांचा उद्योग होता.

आता मूळ मुद्दा. मी पस्तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. या योजनेचं कौतुक करणारे आणि तिला शिव्या देणारे, दोघेही तिचा जमाखर्च वाचत नाहीत. १०,००० कोटींपैकी ४,००० कोटी लोकांच्या बचतीतून यायचे होते, १,००० कोटी लंडनमध्ये साठलेल्या आपल्या स्टर्लिंगमधून (म्हणजे पौंडांतल्या शिलकीतून). आणि ३,४०० कोटी? 'निर्माण केलेला पैसा'. म्हणजे नोटा छापून. हा आकडा छापला तेव्हा बंगालच्या दुष्काळात भाताच्या भावाने माणसं मेलेली होती, त्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं.

लेखकांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी स्वतःच लिहिलं आहे की यामुळे भार असमान पडेल, तो आवरण्यासाठी सरकारला आर्थिक जीवनाच्या जवळजवळ प्रत्येक अंगावर कडक नियंत्रण ठेवावं लागेल, आणि त्या काळात व्यक्तीच्या व उद्योगाच्या स्वातंत्र्याला तात्पुरतं ग्रहण लागेल. 'ग्रहण' हा शब्द माझा नाही, इंग्रजीत त्यांनी तोच वापरला आहे.

पुढचा इतिहास मजेशीर आहे. मथाई अर्थमंत्री झाले आणि १९५० साली राजीनामा देऊन बाहेर पडले. एक कारण नियोजन आयोगाचे अधिकार! श्रॉफांनी १९५६ ला मुक्त उद्योगाचा प्रचार करणारा फोरम काढला. जे. आर. डीं.ची विमान कंपनी १९५३ ला सरकारजमा झाली. ज्यांनी नियंत्रणाला होकार दिला, त्यांच्याच घरी ते आधी पोचलं.

टवाळ

ग्रहण लागलं १९५१ ला, सुटलं १९९१ च्या उदारीकरणाला. दे दान, सुटे गिऱ्हाण!

(मास्तर, वालचंदांबद्दल धन्यवाद. शब्द मागे.)

राहात्याची

सगळे पुरुष कारखान्याबद्दलच बोलताय म्हणून लिहिते. त्या योजनेत उद्योगाला ४,४८० कोटी आणि शेतीला १,२४०. घरबांधणीलासुद्धा शेतीपेक्षा जास्त, २,२००. देश तेव्हा कुठे राहत होता? खेड्यात. मग हा हिशेब कुणाच्या खिडकीतून मांडला, हे सांगायला मास्तर लागत नाहीत.

आमच्या भागात समृद्धी आली ती दुसऱ्याच दाराने. विठ्ठलराव विखे पाटील फारसे शिकलेले नव्हते, धनंजयराव गाडगीळ पुण्याचे अर्थतज्ज्ञ. दोघांनी मिळून लोणीला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा केला. भाग घेणारे शेतकरी. माझ्या आजेसासऱ्यांनी बैल विकून शेअर घेतला होता, ते प्रमाणपत्र अजून देव्हाऱ्यामागे आहे. हे आठ शेठ आमच्याकडे कधी आले नाहीत, आणि आम्हीही त्यांची वाट बघत बसलो नाही.

एडिसनकर

ताई, आदर आहे. पण त्याच सहकाराचं पुढे काय झालं? कारखाना, बँक, कॉलेज, आमदारकी सगळं एका वाड्यात. शेठ परवडला, तो निदान निवडणुकीला उभा राहत नाही.

राहात्याची

उभा राहत नाही, उभा करतो.

बाकी तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराचे, पैसे द्यायचे असा नियम आहे. सहकारी असो की खाजगी, आम्ही कधी कधी दिवाळीच्या उसाचे पैसे गुढीपाडव्याला मोजून घेतो. माझी तक्रार दोघांवरही आहे.

भट्टीवाला

ताईंनी बरोब्बर दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं बघा. मी इतका वेळ नुसता वाचत होतो.

माझी कोल्हापूरजवळ एमआयडीसीत छोटी फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना आहे. बारा मोल्डर (साचे करणारे), दोन फेटलिंगवाले (ओतलेला माल घासून साफ करणारे), एक इंडक्शन भट्टी. वीज रात्री दहानंतर स्वस्त असायची म्हणून वर्षानुवर्षं भट्टी रात्रीच लावली, आमच्या पोरांना बाप दिवसा झोपलेलाच ठाऊक. कास्टिंग ज्यांना देतो ती मोठी कंपनी, नाव नको. माल गेला की बिल केलं. बिल केलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला त्यावरचा जीएसटी मी भरायचा, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. आणि पैसे? ११० दिवसांनी. कधी १२०. तोवर पिग आयर्न रोख, स्क्रॅप रोख, पगार दर सात तारखेला. म्हणजे त्या मोठ्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देतो कोण? मी, आणि मला कर्ज देते बँक, व्याजाने.

कायदा नाही असं नाही. २००६ पासून ४५ दिवसांची मुदत आहे. एप्रिल २०२४ पासून आयकरात ४३ब चं नवं कलम पण लागू झालं, की छोट्याचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देईपर्यंत तो खर्च वजा धरता येणार नाही. आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. पंधरा दिवसांत त्यांच्या खरेदी विभागातून फोन, 'तुमची उद्यम नोंदणी रद्द करता का? नाहीतर ऑर्डर दुसरीकडं वळवावी लागेल.' ती नोंदणी गेली की कायद्याच्या लेखी आम्ही 'छोटे' उरतच नाही. बोला आता.

याच कंपनीचे साहेब राष्ट्रनिर्माणावर भाषण देतात. मी ऐकलंय, छान बोलतात. मला आराखडा नको, उष्मांक नको. पंचेचाळीसाव्या दिवशी पैसे टाका, आमच्या शेडमधली समृद्धी आम्ही बघतो.

एडिसनकर

@भट्टीवाला, मी मघाशी 'सरकारने बाजूला व्हावं' लिहिलं, ते तुमच्या बाबतीत जरा सुधारून घेतो. ठरलेला करार पाळायला लावणं हे सरकारचंच काम. न्यायालयात दहा वर्षं लागत असतील तर मुक्त बाजार वगैरे पुस्तकात. पण हे बघा, तुमचं दुखणं नवीन आराखड्याने बरं होणार नाही. कायदे आहेतच, अंमल नाही.

वहीखाते

इथे मी थोडा मागे येतो. मेळाव्यात हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, मीही नाही. व्यासपीठावर बसलेले सगळे दुसऱ्याचे पैसे द्यायचे असलेले होते, खाली बसलेले सगळे घ्यायचे असलेले. खालच्यांनी कार्डं वाटली आणि जेवून गेले. मीही वाटली.

तरी १९४४ च्या कागदाबद्दलचं मत बदलत नाही. चुकला असेल, पण सुरुवात माणसाच्या अन्न-वस्त्र-निवाऱ्याच्या मापाने केली. ते माप लिहिलेलं असलं की निदान नंतर कुणी विचारू तरी शकतो, झालं का?

निवृत्त मास्तर

मग विचारतोच. श्री. भट्टीवाले, राग मानू नका. मोठी कंपनी तुम्हाला १२० दिवस थांबवते हा अन्याय आहे, वाद नाही. पण तुमचे मोल्डर कुठे राहतात? योजनेत माणशी १०० चौरस फूट लिहिले आहेत. १९४४ साली शेटजींना जे माप सुचलं, ते आज तुमच्या शेडच्या मागे आहे का?

टवाळ

मास्तरांनी वर्गात उभं केलं.

भट्टीवाला

मास्तर, काल उत्तर दिलं नाही, कारण माहीत नव्हतं. आज टेप घेऊन गेलो. पोरं ओडिशाची, मला बघून उभी राहिली, वाटलं खोली सोडायला सांगायला आलोय.

दहा बाय चौदा. बाहेर पत्र्याची मोरी, ती धरली नाही. पाच जण राहतात. माणशी २८ फूट होतात.

त्यातला एक कायम रात्रपाळीला असतो, त्यामुळं एका वेळी चारच झोपतात. चार धरले तर ३५. आता पाच धरायचे का चार, ते तुम्ही सांगा.