चुकलेल्या अपॉइंटमेंटचे पैसे रुग्णाकडून घ्यावेत का?

प्रश्न: दंतचिकित्सक, दापोली

माझा दवाखाना दापोलीत आहे आणि बरेच रुग्ण खाडीपलीकडच्या गुहागर तालुक्यातून धोपावे–दाभोळ फेरीबोटीने येतात. रूट कॅनालच्या एका सिटिंगसाठी तासभर खुर्ची राखून ठेवावी लागते. उपकरणे निर्जंतुक करून ट्रे मांडलेला असतो, सहायक थांबलेली असते आणि रुग्ण काहीही न कळवता येतच नाही. त्या वेळेत दाढदुखीने बेजार झालेल्या दुसऱ्या कोणाला तरी घेता आले असते, याचे वाईट पैशांहून जास्त वाटते. शिवाय तात्पुरते सिमेंट भरून पाठवलेला रुग्ण महिनोन्महिने फिरकला नाही, तर सिमेंट झिजून दातात पुन्हा जंतुसंसर्ग होतो. चुकलेल्या वेळेचे शुल्क लावणे नियमात बसते का, आणि पावती कशी द्यावी?

उत्तर: फिजिशियन, रत्नागिरी

डॉक्टर, असे शुल्क घेण्यास सरसकट मनाई करणारा नियम माझ्या पाहण्यात नाही. मात्र रुग्णाला ते आधी माहीत असले पाहिजे. आम्हा ॲलोपॅथी डॉक्टरांना २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार फी आणि इतर आकार फलकावर लावावे लागतात. दंतवैद्यांची आचारसंहिता वेगळी असली, तरी फलकावर नसलेली रक्कम मागितली की वाद होणारच. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यामुळे पहिल्या भेटीतच केसपेपरवर अट लिहून सही घेतलेली बरी.

अमेरिकेत मेडिकेअर या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या) सरकारी आरोग्य विम्याच्या रुग्णांनी अपॉइंटमेंट चुकवली तर डॉक्टर त्यांना आकार लावू शकतात, पण तोच आकार इतर सर्व रुग्णांनाही लागू असावा लागतो आणि बिल मेडिकेअरला नव्हे, रुग्णाला जाते. सर्वांना एकच नियम, हे तत्त्व आपणही पाळावे. ओळखीच्याला सूट आणि वाडीवरच्या मजुराला दंड असे झाले, तर ते गावभर होते आणि तसे व्हायलाही हवे. मात्र शुल्क थकले म्हणून अर्धवट रूट कॅनाल अडवून ठेवू नका. ते मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही.

उत्तर: करसल्लागार, चिपळूण

पावतीपुरते सांगतो. न झालेली तपासणी पावतीवर ‘तपासणी फी’ म्हणून कधीही दाखवू नये. ती पावती रुग्णाने विमा कंपनीकडे सादर केली तर तुम्ही दोघेही अडचणीत याल. ‘राखीव वेळ रद्द झाल्याचा आकार’ असे स्वच्छ लिहावे. जीएसटीबाबत ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात (क्र. १७८) रद्दीकरणाच्या आकाराला मूळ सेवेचाच दर लागतो असे म्हटले आहे, आणि उपचार ही मूळ सेवा करमुक्त आहे. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियांना मात्र ही सवलत नाही.

उत्तर: रुग्णाचा मुलगा, गुहागर तालुका

मॅडम, आमची बाजूही ऐकून घ्या. मागच्या पावसाळ्यात आईला घेऊन सकाळच्या एसटीने धोपाव्याच्या जेटीवर पोहोचलो, तर वाऱ्यामुळे फेरी बंद. चिपळूण–खेडमार्गे वळसा घालून वेळेत पोहोचणे अशक्य होते. दवाखान्याचा फोन नुसता वाजत राहिला, आणि पुढच्या खेपेला रिसेप्शनवर आधी मागच्या वेळेचे पैसे मागितले. आईला ते फार लागले. त्या दवाखान्यात ती पुन्हा गेली नाही.

आणखी एक गोष्ट तपासून पाहा. आमच्याकडे पुष्कळ म्हाताऱ्या माणसांच्या केसपेपरवर मुंबईतल्या मुलाचा नंबर असतो. तुमचा आठवणीचा मेसेज बोरिवलीला जातो, तो तिथे वाचला जातो आणि इथे आईला कोणी सांगतच नाही. आदल्या संध्याकाळी शेजारच्या घरी एक फोन गेला, तर येणार की नाही ते लगेच कळेल.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. साध्या तपासणीला काहीही आकार लावणार नाही. रूट कॅनाल आणि कॅपच्या लांब सिटिंगसाठी मात्र थोडी आगाऊ रक्कम घेईन आणि ती अंतिम बिलातून वजा करीन. आदल्या दिवशी कळवले, किंवा फेरी वा एसटी बंद राहिली, तर ती पुढच्या तारखेला तशीच लागू राहील. केसपेपरवर गावातला दुसरा नंबर लिहून घेण्यास सहायकाला आजच सांगितले आहे, आणि फेरी बंद असेल त्या सकाळी फोन उचलायला कोणीतरी दवाखान्यात असेल, याची जबाबदारी माझी.