उघडलेली वाईन आपल्या उन्हाळ्यात कशी टिकवता? अनुभव सांगा

आम्ही लातूरला दोघंच नवराबायको, ७५० मिलीची बाटली म्हणजे साधारण पाच ग्लास, एका रात्रीत संपत नाही आन् संपवायचीही नसते. नाशिकचे मित्र सांगतात बूच लावून ठेव, पण त्यांची हवा वेगळी, इथं एप्रिलमधे रात्रीसुद्धा घर तापलेलं असतं. म्हणून मराठवाड्यातल्यांनीच लिहा. माझी पद्धत सांगतो. काचेच्या १८० मिलीच्या क्वार्टरच्या दोन बाटल्या खायच्या सोड्यानं धुवून, गरम पाण्यानं खळखळून पूर्ण वाळवून ठेवलेल्या असतात, व्हिस्कीचा वास अजिबात राहू द्यायचा नाही. नवी बाटली उघडली की प्यायच्या आधीच त्या दोन्ही पार तोंडापर्यंत भरतो, झाकण गच्च, सरळ फ्रिजमधे. उरते ती दोघांना पुरते. हवेला जागाच नाही त्यामुळं आठवड्यानंही रेड चांगली लागते.

परभणी : क्वार्टरची आयडिया झकास! आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही, फ्रिज दोनदोन तास बंद. लाईट गेली की बाटलीला ओलं फडकं गुंडाळून माठाजवळ उभी करते, कोरड्या हवेत फडकं वाळतं तशी बाटली गार राहते. पावसाळ्यात मात्र हे चालत नाही, हवाच दमट. आन् बाटली उभीच ठेवा, आडवी केली की वाईन जास्त हवेला लागते.

संभाजीनगर : मी हवा ओढायचा पंप वापरतो, रबरी बूच लावून दहाबारा वेळा ओढायचं. व्हाईट फ्रिजमधे चारपाच दिवस मस्त. पण थोडी हवा आत राहतेच, त्यामुळं तळाला ग्लासभर उरली असेल तर पंपाच्या नादी न लागता पिऊन टाका. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास यायला लागला की समजायचं हवेनं काम केलं, पुढं व्हिनेगरकडंच जाते. रेड पण फ्रिजमधेच ठेवा राव, लोक उगाच बाहेर ठेवतात! प्यायच्या आधी काढली की आपल्या मे महिन्यात पंधरा मिनिटं बास.

नांदेड : स्पार्कलिंगला पंप लावू नका, गॅसच निघून जातो. तोंडात चमचा अडकवायचा म्हणतात त्यानं काही होत नाही, बाटली एकदम गार असली की गॅस आत धरून राहतो. बाहेरून पकडणारं क्लिपवालं बूच मिळतं ते घ्या, दुसऱ्या दिवशी बुडबुडे बऱ्यापैकी असतात.

बीड : उरलेली रेड आम्ही बर्फाच्या ट्रेमधे गोठवतो. प्यायला नाही, स्वयंपाकाला. मटण भाजून झालं की कढईत दोन खडे टाकायचे, बुडाला चिकटलेला मसाला सगळा सुटून येतो आन् आंबूसपणा इतका छान बसतो की टोमॅटो लागत नाही. येसराच्या आमटीत मात्र घालू नका, दोन्हीची चव जाते.

लातूर : @परभणी, ताई फडकं सुती घेता की गोणपाट? आमच्याकडंही आता लाईट जायला लागली.

परभणी : सुतीच, जुन्या धोतराचं. खाली ताटलीत पाणी ठेवा आन् फडक्याचं टोक त्यात सोडा, सारखं भिजवावं लागत नाही.